डाव्या पायाचा रकाना

मी जुना आहे हे मला कुणी सांगायला नको, मित्रांनो. माझ्या बटणांवरची अर्धी अक्षरं पुसली गेली आहेत, माझा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो, आणि मला कधीही चालू करा, माझी तारीख एक जानेवारीवर जाऊन बसते. मी एक कॉम्प्युटर आहे. ठाकुर्लीला स्टेशनपासून दहा मिनिटांवर बुटांचं एक दुकान आहे, तिथे मी सोळा वर्षं नोकरी केली. आज तुम्हांला माझी हकिगत सांगतो. गोड गोष्ट हवी असेल तर शेजारच्या टेबलफॅनला विचारा. त्याचं कुणी काही बिघडवलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने इकडून तिकडून भाग आणून मला जोडलं. डबा एका कंपनीचा, पडदा दुसरीचा, कीबोर्ड तिसरीचा. मला त्याची लाज वाटत नाही. मला ज्यांनी विकत घेतलं त्यांचा धंदाच मुळी न जुळणाऱ्या गोष्टी जुळवण्याचा होता.

त्यांचं नाव तानाजीकाका. मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या दुकानात साधे बूट मिळत नसत. ज्यांचे पाय जन्मापासून वाकडे, पोलिओने वाळलेले, अपघातात आखूड झालेले, साखरेच्या आजाराने बधिर पडलेले, अशा माणसांसाठी काका बूट करत. कल्याण-डोंबिवलीचे डॉक्टर चिठ्ठी लिहून पेशंटला त्यांच्याकडे धाडायचे. पेशंटची मापं काकांनी वह्यांमध्ये लिहून ठेवली होती. एका पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं, वह्यांचा लगदा झाला, आणि मग माझी खरेदी झाली.

माझ्या पोटात प्रोग्राम घालायला शेजारच्या बिल्डिंगमधला विनीत आला. तो तेव्हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होता. त्याने पहिल्याच दिवशी पडद्यावर एक छान तक्ता काढला. नाव, पत्ता, फोन, बुटाचा नंबर. काकांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, नंबर कुठल्या पायाचा? विनीत म्हणाला, दोन्ही पायांचा काका, एकच असतो ना. काकांनी त्याला चप्पल काढायला लावली, स्टुलावर बसवलं आणि त्याचेच पाय टेपने मोजून दाखवले. चांगला धडधाकट वीस वर्षांचा मुलगा, पण त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन सूत लांब निघाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"तुझ्यासारख्याचे दोन पाय सारखे नाहीत," काका म्हणाले, "तर माझ्याकडे येणाऱ्यांचे कुठून असणार? पाय दोन, तर रकाने दोन."

विनीतने तक्ता पुसला आणि पुन्हा मांडला. त्यानंतर अडीच महिने तो रोज संध्याकाळी यायचा. काका बूट शिवता शिवता सांगायचे आणि तो माझ्यात ते बसवायचा. उजव्या पायाचा एक रकाना, डाव्या पायाचा एक. लांबी वेगळी, पंजा वेगळा, घोटा वेगळा, टाचेची उंची वेगळी. खाली शेरा लिहायला चौकोन, हवा तेवढा मोठा. कारागिराच्या हातात जी चिठ्ठी जायची तिच्यावर हे सगळं छापून यायचं. मला इंग्रजी नीट येत नव्हतं, रंगीत चित्रं काढता येत नव्हती, पण डावा आणि उजवा यांतला फरक मला कळत होता. तेवढा फरक न कळणारे बडे बडे मी पुढे पाहिले.

मला चालवायला काकांनी सरोजताईंना ठेवलं. सरोजताई विठ्ठलवाडीहून येत. बारावी झालेल्या, अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव करवतीसारखा. कुणी मापं घाईत सांगितली की म्हणायच्या, पाय तुमचाच आहे ना, मग जरा दम धरा. पेशंटचा पाय मांडीवर घेऊन त्या स्वतः मोजत, आणि मग टाइप करत. आधी उजवा, मग डावा. हा काकांचा नेम होता. नव्या बुटात पहिलं पाऊल उजवं पडावं, म्हणून मापही उजव्याचं आधी घ्यायचं, नोंदही त्याचीच आधी करायची. सोळा वर्षांत सरोजताईंनी हा नेम एकदाही मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

आमच्याकडे मालूमावशी आल्या त्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी. खाडीकाठच्या कोळी, दिवा स्टेशनजवळच्या बाजारात मासळी विकायच्या. लहानपणी पोलिओ होऊन गेलेला, त्यामुळे डावा पाय उजव्यापेक्षा बारीक आणि आखूड, पाऊल आत वळलेलं. त्यात पुढे साखर लागली आणि त्या पावलाची जाणीवच गेली. काटा रुतला तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, या पायाला जखम झाली तर पाय वाचणं कठीण, तेव्हा बूट बरोबर मापाचा हवा. काकांनी तीन वेळा उसवून चौथ्यांदा तो बूट मनासारखा केला. डाव्या टाचेखाली सव्वा इंचाची भर, आत मऊ अस्तर, करंगळीपाशी शिवण नको. हे सगळं सरोजताईंनी माझ्या शेऱ्यात लिहिलं. मालूमावशी तो बूट घालून दुकानात दोन फेऱ्या मारून आल्या. चाळीस वर्षं त्या झुकून चालत होत्या, त्या दिवशी सरळ चालल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सुकी करंदी आणून दिली, आणि माझ्या कीबोर्डला महिनाभर तिचा वास येत होता. माझी तक्रार नव्हती.

दर वर्षी त्या नवा जोड करून घेत. चौदा जोड झाले. प्रत्येक जोड सरोजताई स्वतः त्यांच्या पायात घालून बघायच्या, बोट आत सरकवून चाचपायच्या, मगच घरी न्यायला द्यायच्या.

त्या काळात माझं फार कौतुक व्हायचं, मित्रांनो. दसऱ्याला मला हार घालत, माझ्या डब्यावर कुंकवाचा टिळा असे. मी काही संत होतो असं नाही. उन्हाळ्यात मी तापायचो आणि भर दुपारी बंद पडायचो. विनीत परदेशी निघून गेल्यावर मला दुरुस्त करणारं कुणी राहिलं नाही. सरोजताई रजेवर असल्या की माझ्यापुढे बसायची कुणाची छाती व्हायची नाही. हे दोष माझ्यात होते आणि ते मी कबूल करतो. पण माझ्याकडे आलेला पाय मी कधी हरवला नाही.

तानाजीकाका गेले त्याला आता पाच वर्षं झाली. दुकान त्यांच्या मुलाकडे आलं. शौनक त्याचं नाव. मुलगा हुशार, कष्टाळू, बोलायला गोड. मी त्याला वाईट म्हणणार नाही, कारण तो वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. त्याने ठाण्याला दुकान काढलं, कल्याणला काढलं, कळव्याला गाळा घेऊन तिथे दहा नवे कारागीर बसवले. मापं तिन्ही दुकानांत दिसायला हवी होती आणि मी तर ठाकुर्लीच्या टेबलाला खिळलेला. तेव्हा त्याने नवं सॉफ्टवेअर घेतलं.

हे सॉफ्टवेअर माझ्यासारखं डब्यात राहत नाही. ते एका बड्या कंपनीच्या, कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या मशीनांत राहतं आणि इंटरनेटवरून सगळ्यांना दिसतं. त्याला क्लाउड म्हणतात. ते भाड्याच्या घरासारखं असतं. रंग मालकाचा, खिडक्या मालकाच्या, आणि तुम्ही भिंतीत एक खिळा ठोकायचा नाही. हजारो दुकानं त्याच घरात राहतात, त्यामुळे तुमच्या एकट्यासाठी भिंत हलवत नाहीत.

कंपनीचा माणूस शिकवायला आला तेव्हा मी टेबलावरच होतो. पडदा इतका सुंदर की मलाही क्षणभर भुरळ पडली. सरोजताईंनी सगळं बघून घेतलं आणि मग विचारलं की डाव्या पायाचा रकाना कुठे आहे. त्या माणसाने सांगितलं, मॅडम, बूट हा आयटम आहे, आयटम जोडीने जातो, आणि जोडीला साइज एक असते. वेगळा रकाना घालून द्या म्हटलं तर म्हणाला, स्टँडर्डमध्ये ते नाही. शेरा लिहू म्हटलं तर शेऱ्याला चाळीस अक्षरं, आणि तोही कारागिराच्या चिठ्ठीवर छापला जात नव्हता. कपड्यांची दुकानं वापरतात, खेळण्यांची वापरतात, कुणाचीच तक्रार नाही, असंही वर सांगितलं. कशी असेल? बाहुलीला कुठे साखर होते.

शौनक म्हणाला, "ताई, आता घेतलंय तर त्यात बसवायला लागेल. काहीतरी जुगाड काढा ना."

आणि सरोजताईंनी जुगाड काढला. मला सांगायला जड जातं, पण तो त्यांचाच होता. त्यांनी एका माणसाचे दोन ग्राहक केले. "मालू उजवा" हा एक ग्राहक आणि "मालू डावा" हा दुसरा. फोन एक, पत्ता एक, मापं वेगळी, टाचेची भरही त्यांतच कोंबलेली. नेमाप्रमाणे आधी उजवा भरला, मग डावा. प्रत्येक जोडाच्या ऑर्डरी दोन निघायच्या, त्यातला एकेक बूट कळव्याचे कारागीर करायचे आणि एका खोक्यात घालायचे. महिनाभर माझ्या पडद्यावर बघून बघून ताईंनी तीनशे चाळीस माणसांचे सहाशे ऐंशी पाय त्या सॉफ्टवेअरमध्ये चढवले. त्यांची मान दुखायला लागली, पण काम चोख झालं. एवढंच की लोकांना फोनवर संदेश यायला लागले, प्रिय मालू डावा, आपल्याला दिवाळीच्या शुभेच्छा. प्रिय मालू उजवा, आपल्यालाही. मालूमावशी तो फोन बाजारभर दाखवून हसल्या म्हणे.

माझं काम संपलं. माझी वायर काढून पाण्याच्या फिल्टरला लावली आणि मला माळ्यावर टाकलं. माळा म्हणजे काउंटरच्या वर ठोकलेली फळी, तेव्हा खालचं सगळं ऐकू यायचं. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणून मी वाट बघत राहिलो. नऊ दिवस कसले, दीड वर्ष गेलं. सगळं सुरळीत चाललं होतं आणि मला वाटायला लागलं की आपलीच चूक, आपण म्हातारे, आपल्याला जग कळत नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत कंपनीने सॉफ्टवेअर सुधारलं. कुणाला विचारलं नाही, विचारायची त्यांची पद्धतच नाही. सुधारणा अशी, की एकाच फोनचे आणि एकाच पत्त्याचे दोन ग्राहक दिसले तर दुसरा चुकून भरला गेला असं समजायचं आणि पुसून टाकायचा. पहिला ठेवायचा. सकाळी शौनकने पडदा उघडला तर हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं, तीनशे चाळीस दुबार नोंदी यशस्वीपणे काढल्या. तो खूश झाला. म्हणाला, बघा ताई, कचरा साफ झाला.

मित्रांनो, ठाकुर्लीच्या दुकानातले सगळे डावे पाय त्या रात्रीत पुसले गेले होते. आधी उजवा भरायचा नेम होता ना, म्हणून उजवे राहिले.

ताईंच्या लक्षात ते तिसऱ्या दिवशी आलं. त्या शोधायला गेल्या मालू डावा, आणि उत्तर आलं, असा ग्राहक नाही. त्यांनी आणखी दहा नावं शोधली आणि मग शौनकला हाक मारली. शौनकने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथली माणसं अतिशय नम्र. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर नम्र राहायला काय जातं? त्यांनी सांगितलं की हा बिघाड नसून सुविधा आहे. पुसलेलं परत मिळतं का ते पंधरा दिवसांत कळवू. आणि दोन पायांचे दोन रकाने हवे असतील तर सूचना-पेटीत सूचना टाका. इतर ग्राहकांनी तिला मतं दिली तर कंपनी विचार करेल. शौनकने सूचना टाकली. डाव्या पायाला आजवर सात मतं पडली आहेत. त्यांतली तीन आमच्याच तीन दुकानांची.

ताई म्हणाल्या, माळ्यावरचा काढू, त्यात सगळं आहे. शौनक म्हणाला, दोन ठिकाणी दोन मापं झाली तर गोंधळ वाढेल, कंपनीने थांबायला सांगितलंय, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. मी वरून ऐकत होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

मग ताईंनी स्वतःच्या डोक्यातून एक यादी काढली. ज्यांचे दोन पाय अगदीच वेगळे आहेत अशी एकेचाळीस माणसं. पहिलं नाव मालूमावशींचं. कागद शौनकच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, यांची एकही ऑर्डर आता करू नकोस, मापं हाती येईपर्यंत थांबव. शौनकने कागद वाचला आणि म्हणाला, बघतो ताई.

आपल्याकडे "बघतो" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं झालं काम. सांगणाऱ्याला मात्र तसं वाटत नसतं. त्याने बघितलं, हे खरं. पण त्या सॉफ्टवेअरला एका माणसाची ऑर्डर थांबवता येत नव्हती. थांबवायचं तर तिन्ही दुकानांचं सगळं थांबत होतं. त्याच महिन्यात ठाण्याच्या एका रुग्णालयाला नव्वद जोड द्यायचे होते. शौनकने कागद घडी करून खणात ठेवला. ताईंना सांगितलं नाही. पंधरा दिवसांत मापं येतील असं त्यालाही मनापासून वाटत होतं, एवढं मी त्याच्या बाजूने बोलतो.

पंधरा दिवस उलटून गेले तरी कंपनीचं उत्तर आलं नाही, आणि मार्चमध्ये मालूमावशींच्या जोडाला वर्ष पूर्ण झालं. वर्ष झालं की सॉफ्टवेअर आपणहून नवी ऑर्डर काढतं, त्याचं केवढं कौतुक झालं होतं. ऑर्डर निघाली, मालू उजवा, साइज एक, जोड एक. कळव्याच्या कारागिरांनी मालूमावशींना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठीप्रमाणे दोन सारखे बूट केले, उत्तम केले. आता बूट दुकानात येत नव्हते, कुरियरने थेट घरपोच जायचे. ते मालूमावशींच्या घरी गेले.

डावा बूट ढिला होता आणि टाच बुटकी. त्यांना ते जाणवलं. पण चौदा वर्षं ज्या दुकानाचा बूट चुकला नाही तो आता कसा चुकेल? त्यांना वाटलं, आपलाच पाय म्हातारपणी आणखी सुकला. त्यांनी बुटात फडक्याचा बोळा कोंबला आणि तीन आठवडे बाजारात उभं राहून मासळी विकली. बोळा घासत होता, पाय बधिर होता. मोज्याला डाग दिसला तेव्हा त्यांना तो माशाच्या रक्ताचा वाटला.

आता सरोजताईंकडे नवं काम होतं. बूट पोचून महिना झाला की ग्राहकाला फोन करायचा आणि पाचपैकी किती तारे देता ते विचारायचं. एप्रिलच्या एका दुपारी पडद्यावर नाव आलं, मालू उजवा. ताई चमकल्या. यांना बूट गेला कधी? त्यांनी फोन लावला. मालूमावशींची सून प्राप्ती हिने उचलला. ताईंनी काही विचारायच्या आधीच ती सांगायला लागली. आधी दोन बोटं काढली होती. विष वर चढलं म्हणून त्या सकाळी गुडघ्याखालून पाय काढला होता.

ताईंनी फोन ठेवला, स्टूल ओढलं आणि माळ्यावर चढल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, एकटीने मला खाली उतरवलं. फिल्टरची वायर उपसून मला लावली. मी घरघरलो, दोनदा विझलो, तिसऱ्यांदा उठलो. तारीख एक जानेवारी दाखवली, पण बाकी सगळं जागच्या जागी होतं. ताईंनी नाव टाइप केलं आणि मी मालूमावशींचा डावा पाय पडद्यावर आणला, लांबी, पंजा, घोटा, टाचेची सव्वा इंच भर, मऊ अस्तर, करंगळीपाशी शिवण नको. एक सूतही हललं नव्हतं. वरातीमागून घोडं. ताई तोंडाला पदर लावून रडल्या, आणि मला माझ्या चोख नोंदीची शिसारी आली.

शौनक दारात उभा होता. ताईंनी मागे वळून विचारलं, "तू थांबवलं होतंस ना?"

"एकट्या त्यांचंच थांबवता येत नव्हतं, ताई."

"मग सगळंच थांबवायचं होतंस."

एवढं बोलून ताई पुन्हा माझ्या पडद्याकडे वळल्या, कारण एका माणसाचे दोन ग्राहक कुणी केले हे त्यांना माहीत होतं. त्यानंतर कित्येक दिवस त्या जेवणाचा डबा तसाच परत न्यायच्या.

शौनक रुग्णालयात जाऊन आला. काय बोलला, काय देऊ केलं, ते त्याने इथे कुणाला सांगितलं नाही. कंपनीलाही त्याने सगळं कळवलं. कंपनीने अतिशय दिलगिरी व्यक्त केली आणि आमच्या मदत केंद्राच्या सेवेला किती तारे द्याल असं विचारलं.

मालूमावशी गेल्या महिन्यात आल्या. दोन कुबड्या, बरोबर प्राप्ती. डाव्या पायाचं लुगडं गुडघ्याखाली गाठ मारून बांधलेलं. सरोजताई उठून त्यांच्या पायाशी बसल्या. पायाशी म्हणजे जो होता त्या पायाशी. माफी मागायला तोंड उघडलं तर मावशींनीच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, मना कललाच नाय गो बाय, दुकला असता तर मी गप बसले असते काय? त्यांना उजव्या पायाला बूट हवा होता. सगळा भार आता त्या एकावर होता.

ताईंनी माप घेतलं. शौनक स्वतः नव्या कॉम्प्युटरपुढे बसला, कारण ताई त्याला हात लावत नाहीत. मावशी काउंटरला टेकून पडदा बघत होत्या. रागाने नाही, अगदी साध्या सुरात त्यांनी विचारलं,

"आता येकच पाय हाय माजा. आता तरी बसंल ना तुमच्या मशीनीत?"

शौनकने माप भरलं आणि बटण दाबलं. आणि मित्रांनो, बसलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मालूमावशी त्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलाही जुगाड न करता बसल्या. हिरवी खूण आली.

बूट अर्थातच दोन आले, कारण सुटा बूट विकायची सोय त्यात नाही. डावा बूट ताईंनी माझ्या शेजारी ठेवला आहे. शौनक तो उचलायला गेला तर त्या म्हणाल्या, राहू दे, दिसू दे.

सध्या मी रोज दुपारी दोन तास चालू असतो. ताई माझ्या पडद्यावरून डावे पाय वहीत उतरवून घेतात, हाताने, शाईने. प्रत्येक चिठ्ठी कारागिराकडे जाण्याआधी त्या वहीशी ताडून बघतात, आणि बूट पुन्हा दुकानातच पायात घालून द्यायला लागल्या आहेत. एवढं शौनकने ऐकलं. तीनशेच्या वर पाय उतरून झाले. मधे मालूमावशींचं नाव आलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं, थोड्या वेळाने उचललं आणि सगळं उतरवलं, करंगळीच्या शिवणीसकट. वही पूर्ण झाली की मी भंगारात जाणार आहे. माझी हरकत नाही. मला हार घालू नका, काचेच्या कपाटात ठेवू नका.

फक्त एक मागणं आहे. तुमच्यातलं कुणी उद्या मोठं होऊन असे प्रोग्राम लिहील, कुणी ते विकत घेईल, कुणी त्यापुढे बसून नोकरी करील. नवं जरूर आणा, मीही कधी नवाच होतो. पण एखादा माणूस तुमच्या रकान्यात बसत नसला तर रकाना बदला. तुम्हांला बदलू देत नसतील तर काम थांबवा, आणि "बघतो" म्हणू नका. आणि थांबवणंही हातात नसेल, तर खुर्चीतून उठा, दिव्याला जा, ती बाई जिथे मासळी घेऊन उभी असेल तिथे खाली बसा आणि तिचा पाय बघा.